कमरपट्टीतला पैसा

शनिवारी दुपारी दोन वाजता मी वॉशिंग मशीनसमोर उकिडवी बसून वरुणच्या युनिफॉर्मच्या पँटची कमरपट्टी चाचपत होते, आणि बोटांना काही लागत नव्हतं. एकदा उजवीकडून पाहिलं, एकदा डावीकडून. मग पँट उलटी करून खिडकीच्या उजेडात धरली. मी घातलेली काळी शिवण दोन बोटं उसवलेली होती आणि आतली जागा रिकामी होती.

माझी शिवण उसवत नाही. फुशारकी नाही, खरं सांगतेय. सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमधल्या निम्म्या मराठी बायकांचे ब्लाउज मी सैल-घट्ट करून दिलेत, अजून एकीचीही तक्रार आलेली नाही. पण ही शिवण मी मशीनवर, साध्या दोऱ्याने घातलीच नव्हती. देवळातून आणलेला काळा दोरा वापरला होता. तो मनगटाला बांधायचा दोरा. कापड धरून ठेवायचं काम त्याला कुणी सांगितलं होतं? मीच. शहाणपणा सगळा माझाच.

त्या कमरपट्टीत भोकाचा पैसा होता. इंग्रजांच्या वेळचा, तांब्याचा, मध्ये मोठं गोल भोक असलेला. माझा नवरा प्रबोध जन्मला तेव्हा सासूबाईंनी तो त्याच्या करदोट्यात ओवला होता. आमच्या मुलाच्या, वरुणच्या वेळी त्यांनी तो डबीतून काढून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "पोर नीट चालायला लागेपर्यंत काढू नकोस." पोर चालायला लागलं, आमच्याबरोबर पुण्याहून सिंगापूरला आलं, इथल्या शाळेत शिकलं, एकोणीस वर्षांचं झालं. आणि मी तो पैसा पुन्हा बाहेर काढला, कारण आता ते हवाई दलात होतं.

हौसेने नव्हे. इथे पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना घेतलेल्यांच्या मुलांनाही दोन वर्षं लष्करी सेवा चुकत नाही. २००४ साली तो फॉर्म भरताना वरुण सात वर्षांचा होता, दात पडलेला, आणि अठरावं वर्ष म्हणजे कुठल्या तरी दुसऱ्याच माणसाचं वय वाटत होतं. त्या फॉर्मवर सही माझीही आहे. आमच्या ओळखीच्या सरलावहिनींनी त्यांचा मुलगा तेरा वर्षांचा होताच त्याला इथून हलवला आणि पुण्याला आजोळी ठेवला. गणपतीच्या कार्यक्रमात भेटल्या की त्या म्हणतात, "तुझं कौतुक हं स्मिता, आम्हाला नाही बाई एवढा धीर." असल्या कौतुकाने माणूस घरी आल्यावर दोन दिवस नीट जेवत नाही.

वरुणची नेमणूक हवाई दलात झाली तेव्हा प्रबोधला मात्र फार आनंद झाला. तो वन-नॉर्थच्या आयटी पार्कमध्ये सॉफ्टवेअरवाला आहे, आणि कुठलीही गोष्ट दुसऱ्याला समजावून सांगितल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही. त्या दिवशी त्याने डायनिंग टेबलावर पाच वाट्या मांडल्या.

"हे पाच कमांड," तो म्हणाला. "पहिली वाटी चोवीस तास आकाशावर नजर ठेवते आणि कोणी उडायचं ते ठरवते. दुसरी लढाऊ विमानांची. तिसरी सैन्याला आणि नौदलाला मदत करणाऱ्यांची, हेलिकॉप्टरं वगैरे. चौथी बिनपायलटच्या विमानांची. आणि ही पाचवी. विमान तयार करणं, धावपट्टी राखणं, तळाची राखण करणं. वरुण इथे."

पाचवी वाटी लोणच्याची होती.

"हिच्याशिवाय बाकीच्या चार नुसत्या वाट्या," प्रबोध म्हणाला.

"लोणचं नसलं तरी पोट भरतं, प्रबोध," मी म्हटलं. "माझ्या मुलाला तेवढं सोडलं असतं तरी चाललं असतं."

तो हसला नाही. "तुला कळत नाहीये. पुण्याहून निघून लोणावळा यायच्या आत हा देश संपतो. विमान उडालं की दोन मिनिटांत दुसऱ्याच्या हद्दीत. यांच्या पायलटांना शिकायलासुद्धा अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला पाठवतात, इथे तेवढं आकाशच नाही. लहान देशाला मागे सरायला जागा नसते. म्हणून सगळं आधीपासून तयार लागतं."

मागे सरायला जागा नसते, हे माझ्या डोक्यात बसलं. बाकीच्या वाट्या मी विसळून ठेवल्या.

मग ऑगस्टमध्ये आई-वडिलांना तळावर बोलावलं. वरुण ज्याला लाइन म्हणतो ती आम्हाला लांबून दाखवली. लाइन म्हणजे विमानं ओळीने उभी असतात ती काँक्रीटची जागा. वरुण तिथे टेक्निशियनांच्या हाताखाली काम करतो. तिथले वॉरंट ऑफिसर सुरेश नावाचे तमिळ गृहस्थ होते, कानशिलं पिकलेली, आवाज शांत. अशा माणसाला तिथे सगळे एन्चिक म्हणतात, म्हणजे मलयमध्ये साहेब. त्यांनी आम्हाला एका विमानाच्या तोंडापाशी नेलं. माणूस वाकून आत शिरेल एवढं मोठं तोंड. खाली जमिनीवर लाल रेघ मारलेली. इंजिन चालू असताना या रेघेच्या आत कुणी जायचं नाही, ते ओढून घेतं, असं एन्चिक म्हणाले. बाकीच्या आया फोटो काढता येत नाहीत म्हणून हळहळत होत्या. मी मात्र त्या रेघेकडेच बघत होते. लाल रेघ आणि माझा वेंधळा मुलगा, जो घरात रोज त्याच टेबलाच्या त्याच कोपऱ्याला गुडघा आपटतो!

म्हणून गेल्या रविवारी, तळावर परत जाण्याआधी तो आंघोळीला गेला असताना, मी त्याच्या दोन पँटींपैकी एकीची कमरपट्टी उसवली आणि पैसा आत घातला. तो आत सरकून टोचू नये म्हणून बारकी सेफ्टी पिन लावली आणि वरून काळा दोरा मारला. हात जोडले. आठवडाभर जरा बरी झोपले.

आणि आज दुपारी जेवताना वरुण वरणभात कालवत म्हणाला, "आई, युनिफॉर्ममध्ये काही ठेवू नकोस हं. इव्हन टिशू."

"मी कशाला काही ठेवतेय?" मी म्हटलं. खाई त्याला खवखवे.

"नाही, जस्ट सेइंग." तो ताटाकडेच बघत होता. "लाइनवर रोज सकाळी आम्ही सगळे एका ओळीत चालतो, खांद्याला खांदा लावून, मान खाली. खडा, स्क्रू, तार, काही दिसलं की उचलायचं. एवढासा वॉशर असतो ना, इंजिनमध्ये गेला की फिनिश. आतली पाती तुटतात, पूर्ण इंजिन जातं. एकच इंजिन असतं त्याला, आई. टूल्सचं पण तसंच. प्रत्येक पान्याला फोममध्ये त्याच्या आकाराची जागा. एक जरी जागा रिकामी दिसली तर विमान हलत नाही, सगळे शोधत बसतात."

"बघ किती शिस्त," प्रबोध म्हणाला.

"आज चार वाजता चार विमानं उडणार, प्रॅक्टिस. उद्या तीच रोडवरून," वरुण म्हणाला.

हा रोडवरून उडण्याचा प्रकार प्रबोधने मला आधीच समजावला होता. धावपट्ट्या मोजक्या, शत्रूने त्या फोडल्या तर काय? म्हणून दर काही वर्षांनी लिम चू कांगचा मोठा रस्ता बंद करतात, दिव्यांचे खांब, बसस्टॉप, पाट्या उपटून ठेवतात आणि त्या रस्त्यावरून लढाऊ विमानं उडवतात. पुण्यात एक बसस्टॉप हलवायचा तर तीन नगरसेवक लागतात, असं मी तेव्हा म्हणाले होते. आता चेष्टा सुचत नव्हती. घास तोंडात फिरत होता. मला एवढंच वाटत होतं की हा कधी एकदा जातो आणि मी कधी ती पँट उसवते. आज त्याने दुसरी पँट घातली होती, मी बघून घेतलं होतं. पैशाची पँट धुण्याच्या टोपलीत होती. म्हणजे कुणाला कळायच्या आत काढून टाकता येईल. एक वाजता तो गेला. भांडी घासून झाल्यावर मी टोपली उपडी केली.

आणि आता दोन वाजले होते आणि पैसा नव्हता.

मी मशीनच्या ड्रममध्ये डोकं घातलं. टोपली झटकली. वरुणची बॅग ठेवली होती ती जागा, त्याचा पलंग, पलंगाखाली, बाथरूम, दाराबाहेरची चपलांची मांडणी, सगळं पाहिलं. त्याला फोन लावला, बंद. तिथे कॅमेऱ्याचा फोन चालत नाही, म्हणून त्याच्याकडे एक साधा डबडा फोन आहे, आणि कामावर तोही कपाटात असतो.

प्रबोध हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसला होता. मी पँट त्याच्या मांडीवर टाकली आणि पैशाचं सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता.

"तू काय केलंस?"

"सांगितलं ना आत्ता. पुन्हा सांगू?"

त्याने लॅपटॉप मिटला. उसवलेल्या जागेत बोट घातलं, काढलं. "आधी नीट विचार करू. तळावर झोपतो त्या बंकमध्ये पडला असेल. बसमध्ये पडला असेल. काल येताना एमआरटीच्या गाडीत पडला असेल. विमानापाशीच पडला कशावरून?"

"नाही पडला कशावरून?"

"ते रोज चालतात ना ओळीने? पडला असता तर सापडला असता."

"सापडला असता तर त्याने जेवताना सांगितलं नसतं?"

मी फ्रिजवरच्या मॅग्नेटखालचा कागद काढला. तळावर गेलो होतो तेव्हा पालकांना दिलेला, वर ड्यूटी रूमचा नंबर.

प्रबोधने माझं मनगट धरलं. लग्नाच्या बावीस वर्षांत त्याने माझं मनगट असं धरलेलं मला आठवत नाही. "फोन करू नकोस. ऐक. त्याला चार्ज करतील. डिटेन्शन बॅरॅक म्हणजे तुरुंग असतो, स्मिता. आणि तेवढ्यावर थांबेल कशावरून? आपले पासपोर्ट इथले नाहीत. लष्कराच्या विमानापाशी धातूची वस्तू, मुलाच्या कपड्यात लपवलेली, शिवून! आईने दृष्ट लागू नये म्हणून शिवली, असं सांगणार तू त्यांना? कोण विश्वास ठेवेल? मुद्दाम केलं म्हणतील."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. ते ऐकल्यावर माझी पाचावर धारण बसली. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. मला त्या क्षणी दारात पोलीस दिसले, वरुण दोघांच्या मध्ये मान खाली घालून चाललेला दिसला, आमचा फ्लॅट, बावीस वर्षांचा संसार चार सुटकेसमध्ये भरलेला दिसला. सरलावहिनींचा चेहरासुद्धा दिसला. मी तो कागद परत मॅग्नेटखाली लावला. लावला, खोटं कशाला बोलू.

स्वयंपाकघरातल्या घड्याळात दोन पस्तीस झाले होते.

माझं लहानपण विश्रांतवाडीचं. लोहगावचा विमानतळ जवळ, त्यामुळे डोक्यावरून लढाऊ विमानं जायची आणि आम्ही पाढे म्हणता म्हणता थांबून, आवाज गेला की पुढे म्हणायचो. आमच्या गल्लीत रिक्षा यायची, वर कर्णा लावलेली. उघड्यावर मटणाचे तुकडे टाकू नका, घारी येतात, एका घारीने विमान पडतं, असं सांगत जायची. दहा वर्षांची असताना मी शेजारच्या काकूंना त्यावरून सुनावलं होतं आणि आईचा मार खाल्ला होता. म्हणजे दहाव्या वर्षी मला जे कळत होतं ते सत्तेचाळिसाव्या वर्षी मी देवाच्या नावाने विसरले. त्या चार विमानांत चार माणसं बसणार होती. त्यांच्याही आया असतील. एखादी आत्ता फेअरप्राइस सुपरमार्केटमध्ये भाजी निवडत असेल, रात्री मुलगा जेवायला येणार म्हणून.

"प्रबोध," मी म्हटलं, "मागे सरायला जागा नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच उठून कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

ड्यूटी रूममधल्या मुलाने मला तीनदा 'सॉरी मॅम?' विचारलं. चौथ्यांदा मी ओरडले तेव्हा त्याने फोन जोडून दिला. एन्चिक सुरेशचा आवाज आला. आम्ही इंग्रजीत बोलत होतो. माझं इंग्रजी ऑफिसात धडाधड चालतं, पण त्या दिवशी शब्द जागेवर सापडत नव्हते.

"मॅम, सावकाश. पुन्हा सांगा. काय शिवलं होतं?"

"कॉइन. जुना. तुम्ही आधी विमानं थांबवा, मग मी सांगते."

"कॉइन तांब्याचा?" त्यांनी मध्येच विचारलं. "मध्ये भोक?"

"हो."

"मॅम, तो मिळालाय. मंगळवारी सकाळी मिळाला. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, पिशवीत घालून, चिठ्ठी लावून. बसा तुम्ही आधी."

मी पँट उराशी धरून तिथेच फरशीवर बसले. प्रबोधला मी हाताने खूण केली, सापडला, सापडला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"वरुणलाच सापडला," एन्चिक सांगत होते. "ओळीत चालताना, त्याच्याच बुटापुढे. त्याने लगेच हात वर केला. म्हणाला, माझाच आहे, लकी कॉइन आहे, मीच शिवून घेतला होता. मी त्याला तीन वीकेंड एक्स्ट्रा ड्यूटी दिली. आजपासून सुरू. तुमचं नाव त्याने घेतलं नाही, मॅम."

मला रडू फुटलं. कारटं! जेवताना खाली मान घालून टिशूच्या गोष्टी करत होतं, बापासमोर आईची शोभा नको म्हणून. शिक्षा भोगायला निघाला होता आणि मला सांगून गेला की सरावाची ड्यूटी आहे. आणि मी समजत होते की मी त्याला सांभाळतेय.

"ओके, मॅम?" एन्चिकचा आवाज मऊ झाला होता. "पुन्हा असं करू नका. माझी आईसुद्धा विभूतीची पुडी द्यायची. मी ती गेटवर गार्डकडे ठेवायचो. आता ठेवू फोन? कामं आहेत."

"थँक यू," मी म्हटलं. "थँक यू, एन्चिक."

पँट माझ्या मांडीवर होती. डोळे पुसायला मी तीच उचलली. उसवलेल्या जागेच्या कडेला कापडाला दोन बारीक भोकं होती, जोडीने, एकमेकांपासून बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर.

पिन.

मी पैसा, पैसा करत बसले होते. पिन कुणाच्या लक्षातच नव्हती. वरुणला तर ती माहीतच नव्हती. त्याला पैसा सापडला, त्याने कमरपट्टी उसवलेली पाहिली आणि त्याला वाटलं, संपलं. एन्चिकनाही तेच वाटलं. जगात त्या पिनेबद्दल फक्त मला ठाऊक होतं. समोर प्रबोध इतक्या दिवसांनी मोकळा हसत होता, पाण्याचा पेला घेऊन माझ्याकडे येत होता. मी नुसतं 'बाय' म्हटलं असतं तरी झालं असतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण सांगते: मी 'बाय' म्हणण्यासाठी तोंड उघडलं होतं.

"एन्चिक," मी म्हटलं, "एक पिनही होती."

"कसली पिन?"

"सेफ्टी पिन. पैसा सरकू नये म्हणून. तीही गेलीय."

"किती मोठी?"

"माझ्या करंगळीच्या पेराएवढी."

"स्टील?"

"हो."

"दुसरं काही? आठवून सांगा मॅम. धागा, सुई, दोरा, काहीही."

"काळा दोरा. तो इथे आहे पँटला. बाकी काही नाही. शपथ."

"घरीच थांबा. कुणालाही फोन करू नका." आणि लांबून, फोनपासून तोंड फिरवून त्यांनी कुणावर तरी आवाज चढवला. तो शांत माणूस असा ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं. फोन बंद झाला तेव्हा तीनला आठ मिनिटं कमी होती.

प्रबोधच्या हातातलं पाणी टेबलावर सांडलं. मला वाटत होतं त्याने रागवावं, वाट्टेल ते बोलावं. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

चार वाजले. आमचा मजला चौदावा, तिथून आकाश बरंच दिसतं. त्यात काही नव्हतं. एरवी शनिवारी असतं तेवढंच आकाश, खाली मुलं बॅडमिंटन खेळत होती. विमानं उडाली नसतील तर चांगलं. पण उडाली असतील आणि लिम चू कांगकडून गेली असतील तर इथे ऐकू येणारच नाही. कान इतके ताणले होते की फ्रिज सुरू झाला तरी मी दचकत होते. मनात वरुणला चारी बाजूंनी लोकांनी घेरलेलं होतं. हा पिनेबद्दल का नाही बोलला, असं विचारत होते. मंगळवारपासून शनिवारपर्यंत त्या चार विमानांनी किती वेळा उड्डाण केलं असेल? दर वेळी ती पिन कुठे होती?

पाच वाजता दारावरची बेल वाजली. प्रबोध आणि मी एकमेकांकडे पाहिलं. त्याने शर्टची बटणं लावली. मला ते बघून भडभडून आलं. अटक व्हायची तर नीट कपड्यांत, असा हा माणूस. दार उघडलं तर सातव्या मजल्यावरची निशिगंधा, ब्लाउज न्यायला आलेली.

"काय गं, ताप आहे का तुला?" ती म्हणाली.

मी तिला हुक न लावलेला ब्लाउज तसाच दिला आणि दार लावून घेतलं.

सातला दहा कमी असताना फोन वाजला. एन्चिक. त्यांचा आवाज बसला होता.

"सापडली, मॅम."

"कुठे?"

"ते विचारू नका."

"एन्चिक, कुठे होती? विमानात होती का?"

"मॅम, सापडली. बंद नाही, उघडी सापडली. एवढंच सांगू शकतो. आजचं उड्डाण आम्ही रद्द केलं. उद्या दुसरी विमानं जातील. तुम्ही फोन केलात ते बरं केलं. शिक्षा होईल, ती होईलच. पण बरं केलंत."

दुसऱ्या दिवशी रस्त्यावरून विमानं उडाली. टीव्हीवर दाखवलं; लोक रस्त्याच्या कडेला दुर्बिणी घेऊन उभे होते, टाळ्या वाजवत होते. प्रबोधने एकही गोष्ट समजावून सांगितली नाही. प्रत्येक विमान जमीन सोडून वर जाईपर्यंत मी सोफ्याचं कापड मुठीत धरून बसले होते.

वरुण चार आठवड्यांनी घरी आला. त्याला लाइनवरून काढून गेटच्या पहाऱ्यावर टाकलं होतं. आमचीही चौकशी झाली, दोन शांत माणसं येऊन दोन तास बसून गेली. एकाने माझ्या शिवणाच्या डब्याचा फोटो काढला. मी त्यांना सासूबाई, करदोटा, सगळं सांगितलं. त्यांनी ते नीट लिहून घेतलं, हसले नाहीत.

वरुण जेवला, ताट उचलून ठेवलं, आणि ओट्याला टेकून उभा राहिला.

"मला राग आलाय ना माझा?" मी विचारलं. शब्दसुद्धा धड येत नव्हते. "म्हणजे तुला, माझा."

"नो." तो नळाकडे बघत होता. "आई, मंगळवारी मी लाइन क्लिअर म्हणून सही केली होती. कॉइन मिळालं, मला वाटलं दॅट्स ऑल. मी सही केली. पिन तिथेच होती आणि माझी सही होती. तू फोन केला नसतास तर... तेच येतं रोज डोक्यात. रोज."

एकोणीस वर्षांचा घोडा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. मी त्याला धरून उभी राहिले. काही म्हणावं तर काय? त्याला आता जी भीती वाटत होती ती माझीच होती, मीच त्याच्या कपड्यात शिवून दिलेली.

"कुठे सापडली रे पिन?" मी हळूच विचारलं.

त्याने मान हलवली. त्यानेही सांगितलं नाही. आजपर्यंत सांगितलेलं नाही.

जानेवारीत त्याला पुन्हा लाइनवर घेतलं. पैसा एन्चिकनी त्याच्याबरोबर परत पाठवला, पिशवी आणि चिठ्ठीसकट. मी तो तसाच देवघरात मागे ठेवलाय.

पहिल्या रविवारी तो निघाला तेव्हा मी पोळ्यांचं पीठ मळत होते. तो दारात बूट घालून उभा राहिला, पण गेला नाही. मला हाक मारली. मी हात धुऊन आले तर त्याने बॅग खाली ठेवली होती आणि दोन्ही हात आडवे पसरले होते.

"चेक कर," तो म्हणाला.

"अरे, आता मी कशाला काही..."

"चेक कर ना, आई. प्लीज लाह," तो इथल्या पोरांसारखं म्हणाला.

माझे हात ओले होते, ते मी पदराला पुसले. आमच्याकडे घरातून निघणाऱ्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. मी त्याचे खिसे बाहेर काढून पाहिले, कॉलरच्या आत बोटं फिरवली, बाह्यांच्या दुमडी उलगडल्या. मग कमरपट्टी. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, सावकाश, प्रत्येक शिवणीवरून.

"क्लिअर?" त्याने विचारलं.

मी पुन्हा एकदा सगळ्या कमरेवरून हात फिरवला.

"क्लिअर," मी म्हटलं, आणि त्याला रिकामा पाठवला.